अळ्यांचं मील, डीडीजीएस, ओरेगॅनो आणि बाकीचं 'नॅचरल' खाद्य: वापरून बघितल्यावर काय ठेवलं, काय काढलं

पोल्ट्रीत एकूण खर्चातला साठ-सत्तर टक्के पैसा खाद्यातच जातो हे पक्षी पाळणाऱ्या कुणालाच नव्याने सांगायला नको, त्यामुळे सोया पेंड जरा महाग झाली रे झाली की लगेच मेसेज सुरू होतात, सोयाऐवजी हे घाला, मक्याऐवजी ते घाला, ही हर्बल पावडर टाका आणि औषधं विसरा. मी ब्राउन अंड्यांच्या लेयर (अंड्यांसाठीच्या कोंबड्या) ठेवते, मधूनमधून ब्रॉयलरची (मांसासाठीच्या कोंबड्यांची) बॅच घेते आणि खाद्य स्वतःच मिक्स करते, त्यामुळे यातल्या बऱ्याच गोष्टी हाताखालून गेल्यात. कंपन्यांची नावं घेणार नाही, एक तर एकाच ब्रँडचे दोन लॉट वेगळे निघतात आणि दुसरं म्हणजे मला मालाबद्दल बोलायचंय, दुकानाबद्दल नाही.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. पोत्यावर 'क्रूड प्रोटीन' म्हणून जो आकडा असतो तो खरं तर प्रोटीन मोजून आलेलाच नसतो. लॅबमध्ये नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, बास. मग तो नायट्रोजन सोयाच्या प्रोटीनमधून आला, जळक्या पेंडीतून आला का कुणी युरिया मिसळलाय त्यातून आला, आकड्याला काही फरक पडत नाही. कोंबडीला मात्र पडतो, कारण गाईच्या पोटात युरियाचं प्रोटीन करणारे जंतू असतात तसं कोंबडीकडे काही नाही. तिला लागतात अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक), तीही पचणारी. मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी मेथिओनिन कमी पडतं आणि त्याच्या मागोमाग लायसिन. म्हणून मी कुठलाही नवा माल बघताना एकच हिशोब करते, एवढ्या पैशात पचणारं लायसिन आणि मेथिओनिन किती ग्रॅम पडलं. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून मी फार तर एक पोतं घेईन, टन नाही.

आता मेन आयटम, ज्याबद्दल सगळे विचारतात, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांचं मील.

खरं सांगायचं तर मला हे आवडलं, आणि बरंच आवडलं. या माशीची अळी वाया जाणारं धान्य, भाजी, फळं असलं काय काय खाऊन वाढते, आणि मोठी झालेली माशी चावत नाही, घरात येऊन जेवणावर बसत नाही, त्यामुळे घरमाशीसारखा तिचा उपद्रव नाही. अळ्या वाळवून दळल्या की दोन प्रकारचा माल मिळतो. एक फुल फॅट, म्हणजे तेल न काढलेला, यात साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि तीसेक टक्के फॅट. दुसरा डीफॅटेड, तेल दाबून काढलेला, त्यावर पन्नास ते साठ टक्के प्रोटीन लिहिलेलं असतं. बघायला फुल फॅट गडद, हातात घेतला की मुठीत गोळा होतो, बोटाला तेल लागतं. डीफॅटेड कोरडा, भुरकट, मक्याच्या भरड्यात सहज मिसळतो. दोघांनाही एक खरपूस वास असतो, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा. कुबट किंवा अमोनियासारखा वास आला तर ते पोतं परत करा, वाळवताना काहीतरी गडबड झालेली असते.

पण इथे तो ६.२५ वाला घोळ फार मोठा आहे, आणि माल विकणारं कुणीच तो स्वतःहून सांगत नाही. अळीच्या अंगावर कायटिन असतं, कोळंबीच्या कवचात असतं तेच, आणि त्यात पण नायट्रोजन असतो. म्हणजे लॅबमध्ये मोजताना कायटिनचा नायट्रोजन पण प्रोटीन म्हणून धरला जातो. या अळीसाठी अभ्यासकांनी ६.२५ ऐवजी ४.७६ हा आकडा सुचवलाय. आता हिशोब करा, पोत्यावर ५५ टक्के लिहिलंय, त्याला ६.२५ ने भागलं की नायट्रोजन आला ८.८, त्याला ४.७६ ने गुणलं की साधारण ४२ टक्के. म्हणजे जे सोयापेक्षा भारी म्हणून दाखवतात ते प्रत्यक्षात चांगल्या सोया पेंडीच्या जरा खालीच बसतं. म्हणून माल वाईट ठरत नाही, अमिनो ॲसिडचा समतोल चांगला आहे, पण ५५ धरून फॉर्म्युला बांधला की खाद्य हलकं होणार आणि मग अंड्याचा आकार घसरला की लोक अळ्यांना नावं ठेवणार.

दुसरी गोष्ट कॅल्शियम. या अळीच्या कातडीत कॅल्शियम बरंच असतं, आणि किती ते तिला काय खायला घातलंय त्यावर बदलतं. लेयरला चालून जातं, तिला कवचासाठी कॅल्शियम लागतंच, फक्त तेवढी चुनखडी कमी करायची. पण ब्रॉयलरच्या पिल्लांच्या स्टार्टरमध्ये (सुरुवातीच्या दिवसांच्या खाद्यात) कॅल्शियम उगाच वाढलं की फॉस्फरसचं गणित बिघडतं, पायांवर दिसतं. त्यामुळे अळ्यांचं मील घेताना कॅल्शियमचा रिपोर्ट मागायचाच.

फायदे पण सांगते, नाहीतर वाटेल मी तक्रारच करतेय. अळीच्या फॅटमध्ये लॉरिक ॲसिड भरपूर असतं, खोबरेल तेलात असतं तेच, आणि आतड्यातल्या काही जंतूंवर, विशेषतः ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंवर, त्याचा मारा चांगला आहे. दुसरं म्हणजे कोंबड्यांना हे मनापासून आवडतं. थोड्या अख्ख्या वाळक्या अळ्या संध्याकाळी लिटरवर (शेडच्या जमिनीवर पसरलेल्या भुशावर) उधळल्या की सगळ्या खाली मान घालून उकरायला लागतात आणि एकमेकींची पिसं टोचणं कमी होतं, कारण चोचीला काम मिळतं. पिसं टोचायची सवय लागलेला कळप ज्याने सांभाळलाय त्याला याची किंमत कळेल. लिटर पण आपोआप हलतं, पापडी धरत नाही.

त्रास म्हणाल तर फुल फॅट माल हॉपरमध्ये अडकतो, वरून भरायचा आणि खाली काही येईना, मग काठीने ढोसायचं. मॅशमध्ये (दळून मिसळलेल्या खाद्यात) थोडा घातला तर ठीक, जास्त घातला की फीडर तुंबतोच. आणि अळी जे खाते ते तिच्यात उतरतं, विशेषतः कॅडमियम ती अंगात साठवते, त्यामुळे अळ्या कशावर वाढवल्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. युरोपियन युनियनने २०१७ मध्ये मत्स्यपालनातल्या माशांच्या खाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबडी-डुकरांच्या खाद्यात कीटकांचं प्रोटीन चालेल असं ठरवलं, पण अळ्यांना शेण, विष्ठा किंवा हॉटेलचं उष्टं घालायला तिथे परवानगी नाही. ज्या विक्रेत्याने मला अळ्या कशावर वाढवल्या हे लेखी द्यायला टाळाटाळ केली त्याचा माल स्वस्त असूनही मी सोडला.

माझं रेटिंग: लेयरला पाचपैकी चार, ब्रॉयलर स्टार्टरला तीन. किंमत सोयापेक्षा चढीच असते, त्यामुळे सोया पूर्ण काढून हे घालायचा विचार मी करत नाही, थोडा भाग बदलते आणि अख्ख्या अळ्या टोचाटोची थांबवायला वापरते.

आता डीडीजीएस. धान्यापासून इथेनॉल काढून झाल्यावर जे उरतं ते वाळवलेलं. हे काम फार सरळ आहे, धान्यातला स्टार्च यीस्टने खाऊन टाकला, साधारण दोन तृतीयांश माल गेला, उरला एक तृतीयांश, म्हणून त्यात बाकीचं सगळं तिप्पट झालं. मक्यात आठ-नऊ टक्के प्रोटीन असतं ते इथे सव्वीस-सत्तावीसच्या घरात जातं, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये तर चाळीसच्या वर. पण तिप्पट होताना चांगलंच तिप्पट होत नाही ना, मक्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) असेल तर ते पण तिप्पट. इथेनॉलच्या प्रोसेसमध्ये टॉक्सिन मरत नाही. म्हणून डीडीजीएसचा लॉट टॉक्सिन रिपोर्टशिवाय मी गोडाऊनमध्ये उतरवून घेत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो.

रंगाकडे नीट बघा. चांगला मक्याचा डीडीजीएस सोनेरी-पिवळा असतो. कॉफीसारखा काळपट झालेला, करपट वासाचा असेल तर वाळवताना ड्रायर जास्त तापलाय, आणि त्या उष्णतेत लायसिन साखरेला चिकटून बसतं, लॅबमध्ये दिसतं पण कोंबडीला मिळत नाही. क्रूड प्रोटीन दोन्हीचं सारखंच येईल! म्हणूनच मी वरती म्हटलं की तो आकडा बघून भुलू नका. मी मुठीभर जुना चांगला नमुना बरणीत ठेवलाय आणि नवीन लॉट पांढऱ्या कागदावर त्याच्या शेजारी पसरून बघते, उन्हात, ट्यूबलाइटखाली नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि डोळ्याला लगेच कळतं.

आणखी एक म्हणजे सोडियम. काही लॉटमध्ये ते इतकं जास्त असतं की कोंबड्या पाणी ढोसत राहतात, विष्ठा पातळ, लिटर ओलं, मग अमोनिया, मग डोळे. लोक हगवणीचं औषध देत बसतात आणि खरं कारण मिठात असतं. सोडियम मोजून फॉर्म्युल्यातलं मीठ कमी केलं की थांबतं. रेटिंग: चांगला लॉट मिळाला तर चार, आंधळेपणाने घेतला तर एक. लेयरला मी हे घालते आणि घालत राहणार.

स्वस्त पेंडींबद्दल थोडं, कारण यात अंडी विकणाऱ्याचं नाव खराब होतं. मोहरी किंवा रेपसीडची पेंड ब्राउन अंड्यांच्या काही कोंबड्यांना घातली की अंड्याला माशाचा वास येतो. यात सिनापिन नावाचं एक द्रव्य असतं, त्यापासून पोटात ट्रायमिथाइलअमीन तयार होतं, ते मोडायचं एन्झाइम काही ब्राउन कोंबड्यांत जन्मतःच कमजोर असतं, मग ते थेट बलकात उतरतं. पांढऱ्या अंड्याच्या कोंबड्यांत ही भानगड सहसा नसते. म्हणजे शेजारच्याने घातली आणि त्याला काही झालं नाही म्हणून तुम्ही घालायची नाही, आधी तुमच्या कोंबड्यांची जात बघा. सरकी पेंडीचा प्रकार वेगळा, त्यात गॉसिपॉल असतं आणि ते बलकातल्या लोहाशी जोडलं जातं. अंडं ताजं फोडलं तर बलक ठीक दिसतो, पण साठवून ठेवून फोडलं की हिरवट-तपकिरी, ऑलिव्हच्या रंगाचा. गिऱ्हाईक फ्रिजमधून काढून फोडतं तेव्हाच दिसतं, तुमच्या शेडमध्ये कधीच दिसत नाही, म्हणून पेंड बदलल्यावर काही अंडी मुद्दाम साठवून मग फोडून बघायची. खाद्यात फेरस सल्फेट घालून गॉसिपॉल बांधता येतं, पण लेयरमध्ये मी सरकीच्या वाटेला जात नाही. ब्रॉयलरच्या खाद्यात थोडी, तीही मोकळं गॉसिपॉल किती आहे ते माहीत असेल तर. सूर्यफूल पेंड यापेक्षा कितीतरी सरळ, मेथिओनिन चांगलं, लायसिन कमी, सालाचा फायबर जास्त, बास एवढंच लक्षात ठेवायचं.

ज्वारी मक्याच्या जागी छान चालते, फक्त टॅनिन (तुरट द्रव्य) कमी असलेली हवी, आणि ज्वारीत मक्यासारखा पिवळा रंग नसतो त्यामुळे बलक फिका पडणार हे धरूनच चला.

आता अझोला, पाण्यावर तरंगणारी ती छोटी हिरवी वनस्पती. मला माहितीय यावर लोक फार प्रेमाने बोलतात आणि माझ्यावर चिडतील, पण आकडे बघा ना. ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. एक किलो ताजा अझोला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम कोरडा माल, आणि त्यात वीस-पंचवीस टक्के प्रोटीन धरलं तर हातात पडतात पंधरा ग्रॅमच्या आसपास. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, त्यातून तिला अठरा ग्रॅम प्रोटीन जातं. म्हणजे एक किलो अझोला एका कोंबडीचं एका दिवसाचं प्रोटीनसुद्धा देऊ शकत नाही, आणि एवढा ओला पाला तिच्या पोटात मावणारही नाही. परसातल्या मोजक्या कोंबड्यांना हिरवं म्हणून द्या, बलकाला रंग येतो, त्यांना चोच मारायला बरं वाटतं, सगळं मान्य. पण 'खाद्याचा खर्च निम्मा' असं सांगून कुणी टाक्या आणि कल्चर विकत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. रेटिंग: परसबागेला तीन, व्यावसायिक शेडला एक.

शेवग्याच्या पाल्याची पावडर त्यामानाने खूप बरी. सावलीत वाळवलेली असेल तर पंचवीस टक्क्यांच्या वर प्रोटीन आणि झँथोफिल (पिवळं रंगद्रव्य) उत्तम, बलक मस्त भरतो. पण फायबर आणि सॅपोनिन आहेत, त्यामुळे पाच टक्क्यांच्या पुढे मी कधी नेत नाही. उन्हात वाळवून पिवळट-तपकिरी झालेली घेऊ नका, रंगद्रव्य उडालेलं असतं, म्हणजे ज्यासाठी घेतो तेच गेलं.

बलकाच्या रंगावरून आठवलं, पूर्ण यादीत माझं सगळ्यात आवडतं प्रॉडक्ट झेंडूचा अर्क आहे. कारण हे जे सांगतं ते करतं आणि डोळ्यांनी दिसतं. झेंडूच्या पाकळ्यांतलं ल्युटीन बलकाला पिवळा बेस देतं आणि लाल मिरची-पापरिकाचं कॅप्सँथिन त्यावर केशरी छटा चढवतं. दोन्हींचं प्रमाण बसलं की कलर फॅनवर (बलकाचा रंग जुळवून बघायच्या पट्ट्यांवर) पाहिजे तो नंबर येतो. नुसतं लाल वाढवलं तर बलक विचित्र लालसर दिसतो, आधी पिवळा बेस हवाच. हळदीने बलक पिवळाधमक होतो असं जे सांगतात ते काही मला पटत नाही, कर्क्युमिन आतड्यातून अंगात फार कमी शोषलं जातं, बलकात काय उतरणार. पाचपैकी पाच, फक्त ॲक्टिव्ह झँथोफिल किलोला किती ग्रॅम ते लेबलवर हवं आणि पाकीट उघडलं की लवकर संपवायचं, हवा-उजेडात रंग उडतो.

आता ॲडिटिव्ह. हे मार्केट एवढं का फुगलं त्याला कारण आहे. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं आणि युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण. मग ती जागा भरायला वनस्पतींचे अर्क, ॲसिड, प्रोबायोटिक, एन्झाइम सगळे पुढे आले. हे चांगलंच झालं, अँटिबायोटिक रोज खाद्यातून देणं मला कधीच पटलं नाही, माणसांना लागणारी औषधं जंतूंवर चालेनाशी होतात यापेक्षा वाईट काय असणार. पण म्हणूनच मला राग येतो तो 'नॅचरल' लिहून काहीही विकणाऱ्यांचा, कारण एकदा असा माल वापरून कोंबड्या आजारी पडल्या की माणूस परत अँटिबायोटिककडेच वळतो.

ओरेगॅनोचं बघा. यात काम करतात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, जंतूच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात, प्रयोगशाळेत ते फार छान दिसतं. अडचण दोन. एक, हे तेल उडून जाणारं आहे, पेलेट करताना (खाद्य दाबून दाणे करताना) ऐंशी-नव्वद डिग्रीची वाफ लागली की बरंच हवेत जातं. दोन, जे उरतं ते आतड्याच्या वरच्याच भागात शोषलं जातं, खाली जिथे गरज असते तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून कोटिंग केलेलं, एनकॅप्सुलेटेड, घ्यायचं. ओळखायची माझी साधी पद्धत, डबा उघडल्यावर वास हलका यायला हवा आणि चिमूटभर दाणे नखाने चिरडले की एकदम नाकात घुसायला हवा. डबा उघडताच खोलीभर घमघमाट सुटला तर तेल दाण्याच्या बाहेर आहे, पोत्यातच उडून जाणार. मी दोन्ही तऱ्हेचे वापरलेत, किमतीत फरक आहे पण कोटिंगवालाच परवडतो.

आणि अपेक्षा बरोबर ठेवा. शेड स्वच्छ, गर्दी कमी, पाणी चांगलं असेल तर ओरेगॅनो घातला काय नि न घातला काय, फरक दिसणं कठीण. लिटर जुनं आहे, हवामान बदलतंय, पिल्लं ताणात आहेत अशा वेळी विष्ठा घट्ट राहते, लिटर कोरडं राहतं, हे मला बॅचमागून बॅच दिसलंय. पण कॉक्सिडिओसिस (आतड्याचा परजीवी रोग) पसरलाय, विष्ठेत रक्त दिसतंय आणि त्यावर कुणी ओरेगॅनो नाहीतर लसणाचं पाणी देत बसलं तर पक्षी मरतील. तेव्हा पशुवैद्यालाच बोलवायचं. पाचपैकी साडेतीन.

एन्झाइमला 'नैसर्गिक' म्हणून कुणी ग्लॅमर देत नाही पण पैसे वाचवायला यासारखं काही नाही. धान्य आणि पेंडीतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, कोंबडीला तो सुटत नाही, फायटेज नावाचं एन्झाइम सोडवतं. पण खूप जण फायटेज घालतात आणि डीसीपी (फॉस्फरससाठी घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट) आहे तेवढंच ठेवतात! मग वाचलं काय? फायटेजच्या मॅट्रिक्सप्रमाणे (ते किती फॉस्फरस सोडवतं त्या आकड्यांप्रमाणे) डीसीपी कमी केलं तरच खिशात पैसा राहतो आणि विष्ठेतून फॉस्फरस पण कमी जातो. तसंच गहू-बार्ली घालत असाल तर झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज लागतंच, नाहीतर आतड्यात चिकट लापशी होते आणि विष्ठा बुडाला चिकटते, अंडी घाण होतात. पाच. न बोलता पाच.

प्रोबायोटिकमध्ये पेलेट खाद्य असेल तर बॅसिलसचे स्पोर घ्या, उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस पाण्यातून द्यायचा, आणि त्या दिवशी पाण्यात क्लोरीन नको, नाहीतर पैसे देऊन विकत घेतलेले जंतू टाकीतच मारतो आपण. लेबलवर जंतूचं पूर्ण नाव आणि ग्रॅमला किती सीएफयू (जिवंत जंतूंची संख्या) ते नसेल तर हात लावू नका. यीस्टच्या पेशीभित्तिकेचं एमओएस (मॅनन-ऑलिगोसॅकराइड, एक प्रकारची साखर) मला आवडतं, साल्मोनेला आणि ई. कोलाय आतड्याला चिकटण्याऐवजी याला चिकटून बाहेर पडतात, काम समजायला सोपं आणि साइड इफेक्ट नाही.

टॉक्सिन बाइंडर, थोडक्यात: बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला छान धरते, पण डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) आणि झिअरालेनोन या बुरशीच्या दुसऱ्या विषांना जवळजवळ धरतच नाही. 'सगळ्या टॉक्सिनवर एकच' असं लिहिलेलं नुसत्या मातीचं पाकीट असेल तर तिथेच ठेवून या.

आणि आता ज्या प्रॉडक्टने मला खरंच संताप आणला ते, एक हर्बल 'लिव्हर टॉनिक' पावडर. नाव देत नाही. पाकिटावर वीसेक वनस्पतींची नावं, एकाचंही प्रमाण नाही, कुठल्याही घटकाचा टक्का नाही, फक्त 'अंडी वाढतात, मरतूक कमी, एफसीआर (किलोभर वाढीला किंवा अंड्यांना लागणारं खाद्य) सुधारतो'. घरी चमचाभर पावडरीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसून वर आली, म्हणजे भरपूर चुनखडी. चुनखडी कॅरियर म्हणून वापरणं गैर नाही, सगळेच वापरतात, पण एवढी फसफस झाली तर वनस्पती उरली किती? थोड्या पावडरीवर आयोडीनचा थेंब टाकला तर निळी-काळी, म्हणजे स्टार्च पण आहे. मी विक्रेत्याला घटकांचं प्रमाण विचारलं तर उत्तर आलं की तो आमचा सिक्रेट फॉर्म्युला आहे. अहो, मी ते माझ्या पक्ष्यांना खायला घालतेय, त्यांची अंडी लोकांच्या घरात लहान मुलं खाणार आहेत, सिक्रेट कसं चालेल? शून्य. हळद, लसूण, भुईआवळा यांच्यावर माझा राग नाही, पण हळदीतसुद्धा कर्क्युमिन तीन ते पाच टक्केच असतं, ती पाकिटात किती टक्के आहे ते कळल्याशिवाय डोस कसा ठरवायचा कुणी?

युरियाची भेसळ तपासायची पण एक सोपी पद्धत देते, संशय असलेल्या पेंडीसाठी. कच्चं, न भाजलेलं सोयाबीन बारीक करा, पेंडीत मिसळा, कोमट पाणी घाला, बरणी झाकून थोडा वेळ ठेवा. कच्च्या सोयात युरिएज एन्झाइम असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबलं तर काय ते समजा, आणि नमुना लॅबला पाठवा. शेजारी खात्रीची पेंड घेऊन तसंच करून बघा म्हणजे तुलना राहते. याच एन्झाइमवरून सोया पेंड नीट शेकलीय का तेही लॅब बघते, कमी शेकली तर ट्रिप्सिन इनहिबिटर (प्रोटीन पचू न देणारे घटक) राहतात आणि पिल्लांचं स्वादुपिंड सुजतं, जास्त शेकली तर परत लायसिनचं तेच रडगाणं.

एकदम सगळं बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट, शेडचा एक भाग जुन्या खाद्यावर ठेवून, आणि दोन्हीकडचं खाद्य, पाणी, अंड्याचं वजन, मरतूक रोज लिहून. सगळ्या शेडला एकत्र घातलं आणि त्याच आठवड्यात गारवा पडला तर अंडी पावडरने वाढली का हवेने, कोण सांगणार.

शेवटी, अळ्या स्वतः वाढवू का असं खूप जणांनी विचारलंय. छोट्या कळपासाठी जरूर, भाजी-फळांचं वाया जाणारं, मळी, धान्याचा भुसा यावर उत्तम वाढतात, माशा अंडी घालायला सुक्या फटी शोधतात त्यामुळे पुठ्ठ्याचे तुकडे बॉक्सच्या वर अडकवून ठेवायचे. बुरशी आलेलं, औषध मारलेलं काही घालायचं नाही. पूर्ण वाढलेल्या अळ्या गडद व्हायला लागल्या की आपणच कोरड्या जागी चढून बाहेर येतात, एक उतार दिला की बादलीत पडतात, हाताने वेचायला लागत नाहीत. पण गडद व्हायच्या आधी, फिकट असतानाच थोड्या काढून घातल्या तर कायटिन कमी असतं आणि पचतात जास्त, मी त्याच घालते. थंडीत माशांचं मीलन मंदावतं, त्यांना उजेड आणि ऊब लागते, तेव्हा उत्पादन पडणार हे धरून वाळवलेल्या अळ्यांचा थोडा साठा हवाबंद डब्यात ठेवा.